चार दिवसांची बायको आणि बावीस वर्षांची मी

वन्सं,

नमस्कार मागून, आधी हे ऐका. बावीस वर्षं तुम्ही माझ्या घरी येताय, माझ्या हातचा चहा पिताय, साखर कमी आहे म्हणून सांगताय, जाताना एखादी नवी उशी काखेत मारून नेताय, आणि एवढ्या येण्याजाण्यात एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही की, अगं, माझ्या भावाचं तुझ्याआधी एक लग्न झालेलं आहे. साखरेचं निघालं. पडद्याच्या रंगाचं निघालं. माझ्या आवाजाचं तर दर खेपेला निघालं. हे मात्र नाही निघालं. आणि आता मला एका परक्या वकीलबाईकडून, डोक्यावर पंखा कुरकुरत असताना, ऐकून घ्यावं लागलं की मी तुमच्या भावाची बायको नाही. होते आणि आता उरले नाही, असं नाही हं. नव्हतेच. एक दिवससुद्धा नव्हते.

फोन केला होता. तीनदा केला. तिन्ही वेळा तुमच्या सुनेने सांगितलं, आत्या आंघोळीला गेल्यात. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा दिवेलागणीला. एवढं स्वच्छ माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. म्हणून हे पत्र. पत्राला आंघोळीचं कारण सांगता येत नाही.

तर आता रीतीचं. नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना टाळा, आणि झोपताना गुडघ्याखाली ती लांबुळकी उशी घेत जा, मी भरून दिलेली, शोभेला ठेवू नका. आम्ही इकडे ठीक. (आम्ही कोण, ते पुढे येईलच. आणि वर वन्सं लिहिलंय खरं, पण वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही माझ्या कोणीही लागत नाही. नवराच नाही तर नणंद कुठून आणायची. पण बावीस वर्षांची सवय आहे जिभेला, तिला कोर्टातलं कळत नाही.) मी चौथीतून शाळा सोडलेली बाई, मला जसं समजलं तसं लिहिते. मध्ये कुठे अडलात तर पुन्हा वरून वाचा, मला विचारू नका.

आमचं दुकान तुम्ही पाहिलेलं आहे, पण दुपारी तीन वाजता कधी पाहिलेलं नाही, कारण तेव्हा तुम्ही माझ्याच गादीवर घोरत असता. त्या वेळेला मागच्या खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत येते आणि पिंजलेला कापूस तिच्यात तरंगायला लागतो. यंत्र चालू असतं, पण इतका वेळ चालू असतं की त्याचा आवाज कानाला लागेनासा होतो. पुंजके वर जातात, खाली येतात, कुणाच्या केसांवर बसतात, चहात पडतात. गिऱ्हाईक बोलत असतं आणि बोलता बोलता त्याला जांभई येते. मी मूळची तापट, हे तुम्हीच गावभर सांगता, पण त्या वेळेला माझासुद्धा आवाज खाली बसतो. आणि कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगावर तुमचा भाऊ झोपलेला असतो. तो तिथे झोपणारच. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, त्याला ठेवूनच घेतलं झोपेसाठी. बसमध्ये झोप लागून हा शेवटच्या थांब्यावर उतरला, पुढे जायला बस नाही म्हणून आमच्या दुकानात टेकला, आणि टेकल्या जागी असा झोपला की दादा म्हणाले, आपल्या मालाची याच्याहून चांगली जाहिरात होणार नाही, राहू दे याला. मग राहिला. मग दोन वर्षांनी माझ्याशी लग्न केलं. हे एवढं मला माहीत होतं. बसमध्ये बसायच्या आधी तो कुठून निघाला होता, हे मी विचारलं नाही. झोपलेल्या माणसाला कोण विचारतं.

दोन महिन्यांपूर्वी अशाच दुपारी एक बाई आली. इथल्या ग्रंथालयात बदली होऊन आलेली, पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारते. हातगाडीवर गादी घेऊन आली. दोघांची गादी, चांगल्या कापसाची. म्हणाली, ही अर्धी करून द्या, खोली लहान आहे. इतक्या हळू म्हणाली की मला यंत्र बंद करावं लागलं. आता गादी उसवायच्या आधी मी तिच्यावरून तळहात फिरवते, ही माझी पद्धत. कुठे कापूस बसलाय, कुठे गाठी झाल्यात, ते हाताला कळतं. आणि खरं सांगू का, सगळंच कळतं. दोन खळगे एकमेकांकडे कललेले असले की नीट चाललंय. मधे उंचवटा असला की बोलणं बंद आहे. एक खळगा खोल, एक उथळ, तर एक जण सोफ्यावर झोपतोय. आमच्या गल्लीतले सगळे संसार मला तळहाताने माहीत आहेत, पण मी कधी बोलत नाही. (हसू नका. गिऱ्हाइकाचं मी बोलत नाही. घरच्यांचं बोलते.) तर ह्या गादीला एकच खळगा. अगदी डाव्या कडेला, काठावर, जणू कोणी चोवीस वर्षं अंग चोरून झोपलंय. उजवी बाजू कोरी. भरली त्या दिवशी असेल तशी फुगलेली.

मी आपलं सवयीने विचारलं, नवरा काय उभ्याने झोपतो का. ती म्हणाली, चौथ्या दिवशी गेला. आणि मग तिची नजर कोपऱ्यात गेली. बराच वेळ ती ढिगाकडे बघत राहिली. कापूस उडत होता, तिच्या चष्म्यावर बसत होता, तो तिने पुसला नाही. मग त्याच आवाजात, पुस्तक जागेवर नाही असं सांगावं तसं, तिने सांगितलं, "हा माझा नवरा आहे." मी म्हटलं, "हा माझा नवरा आहे. ऐकण्यात घोटाळा नाही ना, पुन्हा म्हणा." तिने पुन्हा म्हटलं. आवाज एवढासाही वाढवला नाही. चोवीस वर्षांनी चेहरा कसा ओळखला, असं मी विचारलं, तर म्हणते, मी त्याला झोपलेलाच पाहिलाय, आणि झोपलेला चेहरा बदलत नाही. हे मात्र मला पटलं.

तुमचा भाऊ उठला. डोळे चोळले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मला वाटत होतं ते मी स्वप्नात पाहिलं." वन्सं, माझ्या हातात दाभण होतं. गादी शिवायचं, वीतभर लांब. मी ते नीट डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं, एवढं लक्षात घ्या, आणि पुन्हा माझ्या स्वभावाबद्दल लोकांकडे बोलू नका.

मग त्याच्याकडून एकेक काढून घेतलं. पहिलं लग्न झालं. चौथ्या दिवशी तो सासऱ्यांसाठी औषध आणायला म्हणून निघाला, बसमध्ये झोप लागली, आणि शेवटचा थांबा आला. परत जायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जास्त वाटली. आठवड्याने इतकी वाटायला लागली की त्यापेक्षा इथेच राहणं सोपं झालं. मग त्याने तुम्हाला पत्र टाकलं, आणि तुमचं उत्तर आलं दोन ओळींचं. ते मिटलंय. तू तिकडेच राहा. ते पत्र त्याने एका उशीत शिवून ठेवलं होतं आणि ती उशी बावीस वर्षं माझ्या डोक्याखाली होती. एका कोपऱ्यात टोचते म्हणून मी तिला तीनदा नवी खोळ घातली. आत बघायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वकीलबाईंकडे गेलो. कोर्टामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली आहे, खाली टाइप करणारा बसतो. वकीलबाई आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, यांच्यापैकी बायको कोण. आम्ही दोघींनी हात वर केला. तुमच्या भावानेही करायला घेतला होता, मी खाली ओढला.

तिने जे सांगितलं ते मी तिच्याकडून चार वेळा वदवून घेतलंय, तेव्हा चुकणार नाही. घटस्फोट म्हणजे लग्न झालं होतं, खरं होतं, चाललं तेवढं चाललं, आणि अमुक तारखेपासून ते संपलं. नवरा सोडून गेला, छळ केला, दुसरीकडे राहिला, दोघांनाच नको झालं, अशी कारणं त्याला लागतात. आधीचे दिवस कोणी काढून घेत नाही, ते लग्नाचेच राहतात. आणि लग्न रद्द होणं वेगळं. त्यात कोर्ट लग्न मोडत नाही. कोर्ट मागे वळून बघतं आणि सांगतं की इथे लग्न नव्हतंच. त्यातही दोन जाती. एक जन्मजात रद्द. नवऱ्याची आधीची बायको जिवंत असली, नातं फार जवळचं असलं, मुळात लग्न रीतसर लागलंच नसलं, की ते आपोआप शून्य, कोर्ट नुसता शिक्का मारतं. दुसरी जात अशी की कोणी फसवून, धाक घालून लग्न लावलं तर ते लग्न तोवर उभं राहतं जोवर फसलेला माणूस उठून तक्रार करत नाही. आणि ती तक्रारही मुदतीत करावी लागते, कळल्यापासून वर्षभरात. कळूनही नांदत राहिलात तर मग बोलायचं नाही.

मी म्हटलं, हे माझ्या धंद्यात सांगा. तर ती बिचारी म्हणाली, घटस्फोट म्हणजे वापरलेली गादी उसवून कापूस वेगळा केला. रद्द म्हणजे गादी भरलीच नव्हती. मी म्हटलं, मग आम्ही बावीस वर्षं झोपलो कशावर. तिने वळून मागच्या फळ्यांकडे बघितलं. पुस्तकं भिंतभर होती.

आता मेख बघा. चार दिवसवाली बाई कायद्याने बायको, तिला घटस्फोट मिळू शकतो. बावीस वर्षंवाली मी, माझं लग्न जन्मजात शून्य, मला घटस्फोटसुद्धा मिळू शकत नाही, कारण जे नाहीच ते मोडायचं कसं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, मला नवरा नको असेल तर तो मी सोडीन, पण मला नव्हताच हे मी ऐकून घेणार नाही. आणि त्यांनी आत्ता पहिलीला घटस्फोट देऊन टाकला तर? तर म्हणे ते लग्न आजपासून संपेल. पण तुमचं लागलं त्या दिवशी ते उभं होतं ना, म्हणून तुमचं शून्य ते शून्यच. पुन्हा नव्याने लग्न करावं लागेल. ह्या वयात, त्याच माणसाशी, डोळे उघडे ठेवून. मुलीचं विचारलं, तर म्हणाली, मुलीला धक्का नाही, आईबापांचं लग्न शून्य ठरलं तरी मूल कायद्याचंच असतं. म्हणजे आमच्या घरात एकटी तीच रीतसर आहे. (तिला फोनवर सांगितलं. ती परगावी चष्म्याच्या दुकानात काम करते. म्हणाली, आई, मग तुम्ही दोघं नुसते मित्रमैत्रीण आहात का. तिला धपाटा घालायला मी जवळ नव्हते म्हणून वाचली.)

आम्ही निघताना वकीलबाई सहज म्हणाली, अर्ज घालते, तारीख लागली की कोण किती काळ एकत्र राहिलं ते कोर्ट विचारेल, काही असेल तर घेऊन या. फोटो, कागद. फोटो चार आहेत आणि चारहीमध्ये तुमच्या भावाचे डोळे मिटलेले. कागद एकच, तुमच्या दोन ओळींचा. मग मला सुचलं. आमची गादी. तिच्यावर सगळं लिहिलेलं आहे. डावीकडे माझा खळगा, खोल, उतावीळ, कडेला झिजलेला कारण मी रोज धाडकन उठते. उजवीकडे त्याचा, दुप्पट मोठा, पाळण्यासारखा. दोघांच्या मधे एक लहानसा, मुलगी सहा वर्षांची होईतो जिथे झोपली तो. एवढं कुठल्या कागदावर असतं.

कोर्टाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गादी अंगणात टाकली. आणि वन्सं, मला तिच्याकडे बघून लाज वाटली. गाठी, डाग, एका कोपऱ्याला ठिगळ. उद्या भरल्या कोर्टात लोक म्हणणार, ही गादीवाली, आणि हिची स्वतःची गादी ही. चार पिढ्यांचं दुकान आहे आमचं. मी दाभण घेतलं, टाके उसवले, कापूस पिंजला, चांगला दोनदा पिंजला, नवी निळ्या रेघांची खोळ घातली, अंतराअंतराने टाके मारले. तिन्हीसांजेला ती गादी अशी झाली होती की तुम्ही बघितली असती तर उचलून घरी नेली असती. मी समाधानाने हात धुतले.

सकाळी दोन हमाल आणि पुढे तुमचा भाऊ, अशी ती गादी डोक्यावर निघाली. मी मागे, ग्रंथालयवाली माझ्या शेजारी. रस्ता अजून नीट जागा झाला नव्हता. निळ्या रेघांचा ढग माणसांच्या पायांनी चालत निघालाय असं दिसत होतं. वाण्याने झाडू थांबवला. एका सायकलवाल्याने उतरून वाट दिली. कोणी काही विचारलं नाही, आणि मला क्षणभर वाटलं की हे सगळं माझं नसून तुमच्या भावाचं स्वप्न आहे, आणि मी त्याच्यात चुकून शिरलेय, आणि तो कूस बदलेल तेव्हा आम्ही सगळे खाली पडू.

वकीलबाई वऱ्हांड्यात भेटली. हे काय, म्हणाली. मी म्हटलं, बावीस वर्षं. हात फिरवून बघा. तिने भली बाई म्हणून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "काकू, इथे काहीच नाही." तेव्हा, वन्सं, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते. माझ्या हाताने, दोनदा पिंजून.

मी नुसती खोळीची सुरकुती सरळ केली. (साक्षीदार आहेत.) आमचा नंबर सतरावा होता आणि दुपार झाली तरी आठवाच चालला होता. नव्या कापसाची गादी उभी राहत नाही, दुमडते, म्हणून ती वऱ्हांड्यातच अंथरली. आधी तिच्यावर तुमचा भाऊ बसला, म्हणजे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मग एक म्हातारेबुवा, सकाळपासून उभे होते, ते कडेला टेकले. मग घटस्फोटाला आलेलं एक तरुण जोडपं, दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. मग तो टाइपवाला आणि आमचे दोन्ही हमाल. वर पंखा, बाहेर ऊन, आतून कोणीतरी एकसुरी आवाजात काहीतरी वाचत होतं. एकेक मान खाली यायला लागली. फायली हातातून घरंगळल्या. ते तरुण जोडपं झोपेत कधी मधे सरकलं कळलं नाही, तिचं डोकं फरशीकडे जात होतं तर त्याने डोळे न उघडता आपली पिशवी खाली सरकवली. शिपायाने त्यांचा पुकारा केला. दोनदा केला. मग तोही म्हणाला, झोपू दे, आणि तिसरा पुकारा मनातल्या मनात केला असावा.

मी आणि ग्रंथालयवाली शेवटी आडव्या झालो. जागा तेवढीच उरली होती. दोघी छताकडे बघत. असं आडवं पडून बोललं की माणूस वेगळं बोलतं. ती म्हणाली, तो त्या दिवशीपण असाच झोपला होता. मी म्हटलं, कुठल्या दिवशी. म्हणाली, लग्नाच्या. नोंदणीच्या ऑफिसात. खांबाला टेकून. कारकून वही मिटायला निघाला, माझे वडील घड्याळ बघत होते, याला हलवलं तरी उठेना. मग त्याच्या बहिणीने पेन घेतलं आणि त्याच्या नावाची सही केली. लग्न तेवढंच झालं, त्या सहीपुरतं.

मी उठून बसले. गादीवर नऊ माणसं होती, नऊच्या नऊ हलली. अनवाणी आत धावले आणि वकीलबाईला बाहेर ओढून आणलं. तिने ग्रंथालयवालीला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, काकू, नवऱ्याने सही केलीच नसेल, तो झोपेत असेल, होय म्हणालाच नसेल, तर ते पहिलं लग्न रीतसर लागलेलंच नाही. ते शून्य. आणि ते मुळातच नव्हतं असं कोर्टाने धरलं, तर तुमच्या लग्नाच्या दिवशी हा माणूस मोकळा होता. म्हणजे तुमचं लग्न पहिल्या दिवसापासून खरं. फक्त ज्या बाईने सही केली तिने येऊन तसं सांगायला हवं. तिच्याशिवाय हे उभं राहत नाही.

तर वन्सं, आता कळलं का मी का लिहितेय ते. आणि अजून एक मला कळलं, ते रागाने नाही लिहीत. तुम्ही आमच्या लग्नात निवांत जेवत होता, एकदाही दचकला नाहीत, ते का. तुम्हाला एकटीलाच माहीत होतं की आधीचं लग्न लग्न नव्हतं, कारण ते तुमच्या हातचं होतं. म्हणून लिहिलंत, मिटलंय. तेव्हा मला तुम्ही फसवलेलं नाही. मला फसवलं असतं तर एवढ्या उशा मी परत मागितल्या असत्या. फसवलं ते तिला, तो कुठे आहे हे ठाऊक असून कळवलं नाहीत. चोवीस वर्षं ती गादीच्या काठावर झोपली, कोणीतरी येईल म्हणून अर्धी जागा सोडून.

तिचं मन जाणून घेतल्याशिवाय मी पुढे गेले नाही, हे लक्षात घ्या. माझं लग्न उभं राहायचं तर तिचं पुसावं लागणार. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं आणि तोंडावर विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे पुस्तक बाद केलं तरी त्याचा नंबर वहीत तसाच राहतो, दुसऱ्याला देत नाहीत. मी लोकांना सांगत आले, नवरा बाहेरगावी असतो. तेवढं सांगितलं की कोणी पुढे विचारायचं नाही. आता काय सांगू. मी म्हटलं, सांगा, झोपेत एक लग्न झालं होतं, जाग आली. ती हसली. मोठ्याने हसली, ग्रंथालयात हसली असती तर तिला बाहेर काढलं असतं. मग कापसाकडे बघत म्हणाली, "पुसा. मला आता मधोमध झोपायचंय." तिची गादी मी अजून अर्धी केलेली नाही. नको म्हणाली. आहे तेवढीच असू द्या.

पुढची तारीख येत्या शुक्रवारी आहे. न्यायाधीश तुम्हाला रागावतील, थोडं जास्त रागावतील. सहन करा. मी तुम्हाला बावीस वर्षं सहन केलं. आणि मग ग्रंथालयवालीकडे तोंड करून, मला नाही, तिला, जे बोलायचं ते बोला. ती हळू आवाजात उत्तर देईल, कान देऊन ऐका.

सुनेला आशीर्वाद. आंघोळीला गेल्यात असं पुन्हा सांगायचं नाही असंही सांगा.

तुमची (शुक्रवारपर्यंत कोण ते माहीत नाही)
वहिनी

ता.क. सही माझी नव्हेच, असं म्हणायचा विचार करत असाल तर सोडून द्या. वकीलबाईंनी नोंदणीच्या वहीची नक्कल काढली आणि उशीतलं पत्र शेजारी ठेवलं. एकच हात. तुमच्या भावाला तर स्वतःची सही करताना दोनदा थांबून आठवावं लागतं.

ता.क. दोन. वकीलबाईंनी अजून एक सांगितलं, ते तुमच्यापुरतं ठेवा. माझं लग्न खरं ठरलं की मग मला घटस्फोटसुद्धा मागता येतो, इतर कुठल्याही बाईसारखा. आज मला तो मागता येत नाही, म्हणून तर ही सगळी धडपड. जो माणूस बावीस वर्षांत असली गोष्ट सांगत नाही, त्याला सोडायचा की ठेवायचा ते मी ठरवीन, कायदा नाही ठरवणार. त्यासाठी आधी तो माझा असायला हवा. त्याला हे सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याआधी उठतो आणि चहा करतो. चहा वाईट असतो. मी अजून ठरवलेलं नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तेवढंच सांगा.

ता.क. तीन. उत्तर बुधवारी दुपारी बाराच्या आत हवं, येताय की नाही एवढंच. नाही असेल तर कारण लिहीत बसू नका. गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने मी तुम्हाला न्यायला येतेय, आणि मला बसमध्ये झोप लागत नाही.